आईचे ऊन पाणी

परदेशी राहणाऱ्या माणसांची गोष्ट म्हटली की उंच इमारती, गुळगुळीत रस्ते आणि बर्फातले फोटो डोळ्यांपुढे येतात. तसले फोटो आमच्याकडेही आहेत. पण आज सांगायची आहे ती एका रविवारची गोष्ट. त्या दिवशी आम्ही घरातली पाच माणसे गरम पाण्याचे झरे पाहायला गेलो. सहल म्हणून गेलो आणि परत आलो ते स्वतःची एक चूक पदरात घेऊन. ही चूक झाकून ठेवावी असे आधी वाटले. मग वाटले, आपल्या साप्ताहिकात, आपल्याच माणसांना नाही सांगायचे तर कोणाला सांगायचे?

आधी थोडे आमच्याविषयी. या लेखात 'आम्ही' म्हणजे कधी आमचे सगळे घर आणि कधी या घरची सून. घरच्या गोष्टीत 'मी' म्हणायची आम्हाला सवय नाही. आमचे हे चाकणच्या एका कारखान्यात मशीनच्या देखभालीचे काम पाहतात. कारखाना जपानी कंपनीचा. कंपनीने ह्यांना तीन वर्षांसाठी तिकडच्या मूळ कारखान्यात पाठवले आणि बायको-मुलांना नेण्याची परवानगी मिळाली. आयटीआय करून फिटर म्हणून लागलेला माणूस जपानला चालला म्हणून वस्तीतल्या विहारात सत्कार झाला. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आईंनी, सत्काराचा तो नारळ आठ दिवस फोडू दिला नव्हता.

आमचे गाव ताकासाकी. टोकियोच्या वायव्येला, गुन्मा प्रांतात. तांबड्या रंगाच्या, गोल पोटाच्या दारुमा बाहुल्या या गावात बनतात. दारुमा म्हणजे बोधिधर्म. आपल्या देशातून चीनला गेलेले भिक्खू. दुकानादुकानांत त्यांची मिशीवाली चेहरेपट्टी पाहून पहिल्या महिन्यात आम्हाला एवढा तरी दिलासा मिळाला की इथे अगदीच परके नाही आहोत. थोरली मुलगी अकरा वर्षांची. ती तिथल्याच सरकारी शाळेत जाते आणि जपानी इतके बोलते की दुकानात, दवाखान्यात आम्ही तिच्याच तोंडाकडे पाहतो. धाकटा सहा वर्षांचा.

दुसऱ्या वर्षी आईंना बोलावले. पाहुण्यांना तिथे नव्वद दिवस राहता येते. आईंचे वय पंचाहत्तरीला टेकलेले, गुडघे धरलेले, पण हौस दांडगी. येताना त्यांनी पिशवीत सुकट आणि बोंबील आणले. आमचा जीव धास्तावला, की शेजाऱ्यांना वास गेला तर? पण जपानात सुकी मासळी घरोघरी खातात. बोंबील भाजले त्या दिवशी शेजारच्या बाई दाराशी आल्या त्या तक्रार करायला नव्हे, काय भाजले ते विचारायला. आई म्हणाल्या, "बरा मुलूख हाय. नाक मुरडत नाय कोणी." येतानाच त्यांनी बजावले होते, "सहा डिसेंबरच्या आत मला दादरला पोचवा." म्हणून नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच फिरणे उरकायचे ठरले.

ह्यांच्या कारखान्यातल्या सोबत्याने कुसात्सूचे नाव सुचवले. गुडघेदुखीला तिथले पाणी चांगले म्हणाला. ताकासाकीहून आगात्सुमा नदीच्या कडेकडेने आगगाडी जाते. दीडेक तासाने उतरायचे आणि पुढे अर्धा तास डोंगर चढणारी बस. रविवारी सकाळी भाकऱ्या, बोंबलाची चटणी आणि उकडलेली अंडी बांधून निघालो. वाटेत यांबा धरण लागते. हे धरण २०२० साली सुरू झाले. त्याच्या पाण्याखाली गरम झऱ्यांचे एक जुने गाव गेले आणि ते वर डोंगरात पुन्हा वसवले. ह्यांनी सांगितल्यावर आई खिडकीतून पाण्याकडे बघतच राहिल्या. "धरणाखाली गाव जायचं इकडंही चुकत नाय," एवढेच म्हणाल्या.

मग गाडीतच त्यांनी आपल्या माहेरची गोष्ट काढली. आईंचे माहेर महाडकडचे. कोकणात गरम पाण्याचे झरे पुष्कळ. दापोलीकडे उन्हवरे, संगमेश्वराकडे तुरळ, वर ठाण्याकडे वज्रेश्वरी-गणेशपुरी ही नावे वाचकांना माहीत असतील. कोकणातले झरे ज्वालामुखीचे नव्हेत. पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून फार खोल जाते, तिथल्या उष्णतेने तापते आणि पुन्हा वर येते. आईंच्या माहेरापासून दोन-तीन कोसांवर असाच एक झरा होता. आईंच्या आईला खरूज झाली की ती पोरांना घेऊन तिथे जायची.

"दगडानं बांधलेलं कुंड होतं वर," आई सांगत होत्या. "त्यात त्यांची माणसं न्हायची. कुंडातलं पाणी वाहून खाली ओहोळाला मिळायचं, तिथं आम्ही. तिथवर येईस्तो ते कोमट व्हायचं. वरच्यांच्या साबणाचा फेसपण यायचा. मला ऊन पाण्याचा झरा म्हंजे कोमट पाणीच ठाऊक."

धाकटा म्हणाला, "मग वर का नाही गेलीस?" आईंनी त्याच्या हातावर अंडे ठेवले आणि विषय बदलला. आम्हीही त्यांना पुढे बोलू दिले नाही. थोरली कान देऊन ऐकत होती, तिला आम्ही खिडकीबाहेरची लाल-पिवळी झाडे दाखवली.

इथे आम्हाला कबूल केले पाहिजे की जात हा शब्द आम्ही त्या घरात काढतच नव्हतो. मुलांना बाबासाहेबांचा फोटो माहीत, त्रिसरण-पंचशील पाठ. पण बाबासाहेबांना शाळेत पाणी कसे वरून ओतून देत, २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर काय घडले, यातले थोरलीला काहीच सांगितले नव्हते. आईंचे आजोबा त्या दिवशी तळ्यावर गेलेल्यांत होते. त्यांनी ओंजळीने पाणी प्यायले. पुढे १९३७ साली मुंबई हायकोर्टाने तळ्याचा निकाल आपल्या बाजूने दिला आणि १९५५ साली अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झाला. तरी नात ओहोळातच न्हात होती. हे सगळे मुलीला परदेशात कशाला सांगायचे, तिला या सगळ्याविना वाढू द्यावे, असा आमचा विचार. विचार वाईट नव्हता. पण त्यात थोडी भीतीही होती, ती पुढे सांगतो.

कुसात्सू समुद्रसपाटीपासून सुमारे बाराशे मीटर उंच आहे. बसमधून उतरलो तेव्हा तोंडातून वाफा निघत होत्या आणि वाऱ्यावर गंधकाचा, सडलेल्या अंड्यासारखा वास होता. गावाच्या ऐन मध्यावर 'युबाताके' आहे. युबाताके म्हणजे ऊन पाण्याचे शेत. जमिनीतून ऊन पाणी वर येते आणि लाकडी पन्हळींच्या रांगांतून वाहत खाली पडते. पन्हळीत पाणी निवते आणि मागे गंधकाची पिवळी साय उरते. ती खरवडून, सुकवून विकतात. गावभर मिळून मिनिटाला बत्तीस हजार लिटरांहून जास्त पाणी आपोआप वर येते. शेजारी ज्वालामुखीचा डोंगर आहे, त्याची ही देणगी. पाणी लिंबाच्या रसाइतके आंबट. त्यात लोखंडी खिळा ठेवला तर थोड्या दिवसांत झिजून सुईसारखा होतो. गंधकाने चांदी काळी पडते म्हणून आईंनी हातातला गोठ आधीच काढून कनवटीला लावला.

एका मोठ्या घरात बायकांचा 'युमोमी'चा खेळ पाहिला. पाणी अंगाला सोसवेना इतके गरम असते. थंड पाणी मिसळले तर औषधी गुण पातळ होतो. म्हणून पुरुषभर लांबीच्या फळ्यांनी ते घुसळून निववतात आणि घुसळताना गाणे म्हणतात. आई म्हणाल्या, "जात्यावर नाय का आमी गायचो? काम जड असलं की गाणं येतंच." बाहेर वाफाळलेले, गोड पुरणाचे मांजू मिळतात. दुकानदार रस्त्यावर उभे राहून एकेक हातावर देतो. धाकट्याने तीन वेळा हात पुढे केला.

मग आम्ही आंघोळीला निघालो. जपानी रीत अशी, की बायका-पुरुषांचे भाग वेगळे, पण आत सगळे विवस्त्र. आधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचे आणि मगच सर्वांच्या पाण्यात उतरायचे. या विवस्त्रपणाची धास्ती आम्हालाच जास्त होती. आई म्हणाल्या, "पाच बाळंतपणं झाली माझी. सुईणीम्होरं लाज धरली असती तर पोरं झाली असती का?" एका मोठ्या स्नानगृहाची तिकिटे काढली. माणशी हजार येनच्या आसपास. खिशाला ते जड होते, म्हणून सहल महिनाभर पुढे ढकलली होती.

बूट काढून आत गेलो तोच गल्ल्यावरची बाई धावत आली. कमरेत वाकून काही बोलू लागली. थोरलीचा चेहरा लाल झाला. ती आम्हाला हळूच म्हणाली, "मम्मी, आजीला नाही जाता येणार. गोंदण असलेल्यांना बंदी आहे." भिंतीवर तशी पाटीही होती.

आईंच्या कपाळावर एक आणि हनुवटीवर तीन हिरवे ठिपके आहेत. सहा वर्षांच्या असताना सुई टोचून काढलेले. आणि उजव्या मनगटाच्या वर 'जय भीम' आहे. मामंजी गिरणी कामगार. १९८२ च्या संपात नोकरी गेली ती गेलीच. आईंनी भाजीची पाटी डोक्यावर घेऊन पाच पोरे वाढवली. मामंजी गेल्यावर, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९९१ साली ६ डिसेंबरला त्या दादरला गेल्या आणि तिथे हातावर हे दोन शब्द गोंदवून आल्या.

"काय झालं?" आईंनी विचारले. आम्ही म्हणालो, "काही नाही, आत गर्दी आहे."

"गर्दी हाय तर त्या बाया कशा चालल्यात आत?"

आम्हाला उत्तर सुचेना. आईंनी आजूबाजूला पाहिले, आवाज खाली केला आणि विचारले, "यांना कळलं का गं आपलं? कोणी सांगितलं?"

वाचकहो, साडेसहा हजार किलोमीटर विमानाने आलेल्या पंचाहत्तर वर्षांच्या बाईने, पाण्याच्या दाराशी अडवल्याबरोबर, पहिला प्रश्न हा विचारला. थोरली म्हणाली, "काय कळलं, मम्मी?" आम्ही तिला गप्प केले आणि आईंना घाईघाईने खरे कारण सांगितले.

ते कारण असे. जुन्या काळी जपानात गुन्हेगारांना शिक्षा म्हणून अंगावर गोंदत. १८७२ साली सरकारने गोंदण्यावरच बंदी घातली, ती १९४८ पर्यंत टिकली. गुंडांच्या टोळ्या अंगभर चित्रे गोंदवून घेऊ लागल्या, म्हणून त्यांना बाहेर ठेवायला स्नानगृहांनी पाट्या लावल्या. २०१५ साली तिथल्या पर्यटन खात्याने विचारणा केली तेव्हा उत्तर दिलेल्या सुमारे सहाशे ठिकाणांपैकी ५६ टक्के ठिकाणी अशी बंदी होती. २०१३ साली न्यूझीलंडहून परिषदेला आलेल्या एका माओरी बाईंनाही, त्यांच्या समाजाच्या रीतीने हनुवटीवर गोंदलेले म्हणून, परत पाठवले होते. मौज अशी की जपानच्या पोटातही गोंदणाऱ्या बायका होत्या. उत्तरेकडच्या ऐनू बायका ओठांभोवती गोंदत, दक्षिणेकडे ओकिनावाच्या बायका हातांच्या पंजांवर. सरकारने एकोणिसाव्या शतकात त्यांनाही मना केले. पाटी गुंडांसाठी लावली, पण तिच्याखाली सापडली आमच्या आईसारखी माणसे.

गल्ल्यावरच्या बाईने मग कातडीच्या रंगाच्या चिकटपट्ट्या आणल्या. गोंदण झाकले तर आत सोडते म्हणाली. आईंनी लहान मुलासारखा चेहरा पुढे केला. कपाळावर पट्टी लावली, हनुवटीवर लावली. हाताची पाळी आली तेव्हा त्यांनी हात पदराखाली घेतला.

"हे नाय."

आम्ही म्हणालो, "आई, तासाभराचा तर प्रश्न आहे. आत कोण वाचणार आहे ते?"

"कोणी वाचणारच नाय तर झाकायचं कशाला?"

ह्यांनी समजावले. बाहेर तिकिटासाठी रांग वाढत होती, सगळे आमच्याकडे बघत होते. आम्हाला मेल्याहून मेल्यासारखे झाले आणि तोंडातून निघून गेले, "तुमच्या हट्टापायी सगळ्यांचा दिवस वाया चालला आहे."

आई काही बोलल्या नाहीत. कपाळावरची आणि हनुवटीवरची पट्टी काढली, दोन्ही हातांनी त्या बाईला परत दिली आणि म्हणाल्या, "तुमी जा. पैसे भरलेत. मी बसते भाईर." थोरली म्हणाली, "मी आजीपाशी थांबते." आणि आम्ही, वाचकहो, आत गेलो. चूक म्हणतो ती हीच. हे आणि धाकटा पुरुषांच्या बाजूला गेले, इकडे आम्ही एकटे.

पाणी सुंदर होते. समोर डोंगर, वर उघडे आभाळ, वाफेत बसलेल्या म्हाताऱ्या-तरण्या बायका. कोण धनीण, कोण मोलकरीण, कपडे नसल्याने काही कळत नव्हते. आमच्या अंगावर लपवण्यासारखे काही गोंदलेले नव्हते. पण त्या पाण्यात बसल्यावर स्वतःच्या पट्ट्या एकेक आठवू लागल्या. टोकियोच्या निशी-कासाई भागात आपल्याकडची पुष्कळ मंडळी राहतात. सणावाराला बोलावणे येते. तिथे कोणी सहज विचारते, "तुमचं आडनाव काय? मूळचे कुठले?" आमचे आडनाव गावावरून पडलेले, त्यावरून चटकन कळत नाही. मग आम्ही गावाचे नाव सांगायचो आणि पुढचा प्रश्न यायच्या आत भाज्यांच्या भावावर जायचो. पाहुणे येणार असले की फोटो आतल्या खोलीत जायचा. "मुलांना त्रास नको," असे म्हणायचो. कोणी वाचणारच नाही असे म्हणत म्हणत आम्ही सगळेच झाकून बसलो होतो. त्या अडाणी बाईने एक पट्टी नाकारली आणि आम्ही तिला हट्टी ठरवून आत येऊन बसलो!

दहा मिनिटेही बसवेना. ओल्या केसांनी बाहेर आलो तर बाकावर कोणी नाही. काळजात चर्र झाले. हे आणि धाकटा आल्यावर तिघे शोधत निघालो. युबाताकेच्या कडेला फुकट पाय बुडवायची जागा आहे, 'आशियु' म्हणतात. तिथे दोघी पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. आई हातवारे करून बोलत होत्या आणि थोरली रडत होती.

"आजीने मला ओहोळाचं सांगितलं," ती म्हणाली. "आणि तळ्याचं. तुम्ही का नाही सांगितलं?"

आम्ही तिच्या शेजारी बसलो. उत्तर नव्हतेच. आईंनीच ते सावरले. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. आज तरी कळलं. पायाला ऊन लागल्याशिवाय कळत नाय."

पलीकडे एक म्हातारी जपानी बाई पाय बुडवून बसली होती. तिने आईंच्या हाताकडे बोट करून थोरलीला काही विचारले. थोरलीने डोळे पुसले आणि सांगितले. आधी थांबत थांबत आणि मग भराभर. काय सांगितले म्हणून विचारले तर म्हणाली, "मी म्हटलं, हे आमच्या गुरूंना केलेलं वंदन आहे. त्यांनी सगळ्यांना पाणी मिळवून दिलं." आम्ही इतकी वर्षे जे समजावायला घाबरलो ते पोरीने एका वाक्यात सांगून टाकले. म्हातारी मान हलवत राहिली. मग म्हणाली, गावकऱ्यांची फुकट स्नानघरे आहेत, तिकडे चला, मीही निघालेच आहे.

ते स्नानघर जिझोच्या देवळीशेजारी आहे. जिझो म्हणजे क्षितिगर्भ बोधिसत्त्व, मुंडन केलेल्या भिक्खूच्या रूपातले. मुलांचा आणि वाटसरूंचा सांभाळ करणारे. आईंनी हात जोडले. लाकडी खोली, मध्ये लाकडी हौद, तिकीट नाही, गल्ला नाही आणि दारावर गोंदणाची पाटीही नाही. आम्ही सासू-सुना, थोरली आणि ती म्हातारी. म्हातारीने लाकडी घंगाळ्याने आईंच्या पाठीवर पाणी ओतले, अंगाला सवय व्हावी म्हणून. मग खांद्यावर, मग पुन्हा पाठीवर. आई गप्प उभ्या होत्या. हौदात गुडघाभर उतरल्या आणि "आई गं!" करून ओरडल्या. म्हातारी हसू लागली. हळूहळू गळ्यापर्यंत बसल्या. उजवा हात पाण्यावर धरला होता, अक्षरे ओली होऊन चमकत होती.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "हे खरं ऊन पाणी."

मग त्यांनी वर्षावासात विहारात ऐकलेली गोष्ट सांगितली. राजगृहाला तपोदा नावाचा ऊन झरा होता. भिक्खू त्यात न्हात होते तेव्हा बिंबिसार राजा न्हायला आला. राजा असून त्यांना उठवले नाही, बाजूला थांबून राहिला. भिक्खूंनी अंधार केला, राजाचे न्हाणे होईस्तो नगराची दारे बंद झाली आणि त्याला रात्र बाहेर काढावी लागली. तेव्हा भगवंतांनी भिक्खूंनाच नियम घालून दिला, की पंधरवड्याच्या आत पुन्हा न्हाऊ नये. "राजा थांबला," आई म्हणाल्या, "आणि बोलणी कुणाला बसली? न्हाणाऱ्यांना." हे आम्हाला उद्देशून होते की नाही, आम्ही विचारले नाही. बाहेर आल्यावर पाया पडलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "हा, उठ. केस ओले हायत, सर्दी हुईल."

कुसात्सूचाही सगळा इतिहास निर्मळ नाही. महारोगाला हे पाणी गुणकारी मानत, म्हणून लांबून रोगी येत. त्यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गावाच्या खालच्या अंगाला वेगळी वस्ती दिली. १९३२ साली गावाबाहेर सरकारी वसाहत झाली आणि रोग्यांना तिथे डांबून ठेवू लागले. औषध निघून रोग बरा होऊ लागला तरी वेगळे ठेवण्याचा कायदा १९९६ साली रद्द झाला. परतीच्या बसमध्ये ह्यांनी हे सांगितले तेव्हा आई म्हणाल्या, "म्हंजे ओहोळ इथंपण होता." म्हणून त्या गावाला आम्ही स्वर्ग म्हणत नाही. पाणी जमिनीतून सगळ्यांसाठी वर येते. वरचे कुंड आणि खालचा ओहोळ माणसे करतात.

आईंचे गुडघे काही बरे झाले नाहीत. चार दिवस हलके वाटले, मग पुन्हा मूळपदावर. त्या ठरल्याप्रमाणे ६ डिसेंबरच्या आत परत गेल्या आणि दादरला पोचल्याही. जाताना आतल्या खोलीतला फोटो उचलून बाहेरच्या खोलीत, दरवाजासमोर लावून गेल्या. आम्ही तो हलवला नाही.

जानेवारीत निशी-कासाईला एका घरी हळदीकुंकवाचे बोलावणे होते. आम्ही कुंकू लावत नाही, पण ओळखीखातर गेलो. एका बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. या वेळी आम्ही भाज्यांच्या भावावर गेलो नाही. "आम्ही बौद्ध," असे सांगितले, "सासूबाईंचे माहेर महाडकडचे, त्यांचे आजोबा चवदार तळ्यावर होते." बाई "हो का" म्हणाल्या. त्यानंतर त्या आमच्याशी जरा कमी बोलतात. शेजारी बसलेली एक तरुण मुलगी मात्र जाताना जिन्यात थांबली, आजूबाजूला पाहून हळूच म्हणाली, "ताई, जयभीम."

आम्ही तिला मोठ्याने जयभीम म्हणालो.